कशाला मेस्त्री आणि अर्धा पंप

गॅरेजात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मेस्त्री आधी एकच प्रश्न विचारत, ‘‘कशाला?’’ पट्टा बदलायचाय? कशाला? ब्रेक बघायचेत? कशाला, लागतात ना? दुसरे मेस्त्री नसलेलं काम काढतात. हा महात्मा असलेलं कामही परत पाठवी. लोक त्यांना ‘कशाला मेस्त्री’ म्हणू लागले, आणि यांना वाटलं पदवीच मिळाली. घरातला पंखा एक पातं गमावून डुगडुगत फिरे. फिरतोय तोवर त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

बायको पडदे शिवून घरोघर पोचवायची. तिचा उजवा खांदा दुखायला लागला तेव्हाही मेस्त्रींनी आपलं शास्त्र सोडलं नाही. ‘‘डॉक्टर कशाला? हात वर जातोय ना?’’ पुढे तो वर जाईनासा झाला. तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं वरच्या फळीवरचे डबे खालच्या फळीवर आणून ठेवले आणि प्रश्न निकालात काढला.

तिचा धंदा टिकला तो एका जुन्या, ऐसपैस गाडीमुळे. एका गिऱ्हाइकानं कंटाळून ती गॅरेजातच सोडली होती. स्टिअरिंग इतकं हलकं की डाव्या हातानं फिरावं. तेवढ्या जोरावर ती गठ्ठे घेऊन गावभर हिंडायची. गाडी बंद म्हणजे पडदे बंद, आणि बाई घरात बंद.

गाडीला खोड एकच होती. तिचं सस्पेन्शन तेलाच्या दाबावर उभं राहायचं, आणि तेल गळून रोज सकाळी गाडी जमिनीवर बसकण मारायची. शेवटी मेस्त्रींनी ते सगळं उपटून चारी चाकांना स्प्रिंगा बसवल्या. काम झकास केलं, खोटं कशाला बोला.

मेख पंपात होती. एकाच अंगात दोन पंप: पुढचा अर्धा स्टिअरिंगचा, मागचा सस्पेन्शनचा, दोन्ही एकाच पट्ट्यावर फिरणारे. स्प्रिंगा देताना दुकानदारानं बजावलं होतं, ‘‘मेस्त्री, तो जोडपंप काढा आणि नुसता स्टिअरिंगचा बसवा.’’

‘‘कशाला? चांगला फिरतोय की!’’

मेस्त्रींनी मागच्या अर्ध्याला तेल देणारी नळी कापली, बूच ठोकलं आणि हात पुसले. त्या बिचाऱ्या अर्ध्याला काम नाही, तेल नाही, पण फिरणं काही चुकेना. तो कोरडाच फिरत झिजत राहिला, आणि त्याचा कीस हळूहळू पुढच्या अर्ध्यात उतरू लागला.

काही दिवसांनी बायको म्हणाली, ‘‘अहो, वळवताना कण्हल्यासारखा आवाज येतोय. जडही लागतंय.’’

‘‘स्प्रिंगा नव्या आहेत. सवय होईल.’’

सवय कुणाला व्हायची होती, स्प्रिंगांना की तिला, हे त्यांनी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. या घरात प्रश्न विचारण्याचा मक्ता एकाच माणसाकडे होता.

एके दुपारी तिचा फोन आला. गाडी चौकात आडवी होऊन अडकली होती. मेस्त्री धावतपळत पोचले तर दोन्ही बाजूंनी भोंगे, आणि ही स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसलेली.

‘‘सरक, मी काढतो,’’ म्हणत ते बसले. आयुष्य पाने पिळण्यात गेलेला माणूस. दोन्ही हातांनी जोर लावला. स्टिअरिंग तसूभर हललं. पाय रोवून पुन्हा ओढलं तेव्हा कुठे चाकं वळली. गाडी कडेला लावेपर्यंत मेस्त्री घामाघूम झाले.

‘‘इतकं जड कधीपासून आहे?’’

‘‘आज अगदीच अडलं. पण रोज थोडं थोडं वाढतच होतं.’’

‘‘मग चालवत कशी होतीस?’’

‘‘उजवा हातही लावत होते,’’ ती म्हणाली.

मेस्त्रींना भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं काही विचारायच्या आत त्यांनी स्टिअरिंगचा नवा पंप मागितला. जुना काढला, टाकी आणि नळ्या कीस निघेपर्यंत धुतल्या, नवं तेल भरलं. पट्टासुद्धा नवा घातला, तोही कुणी न सांगता! आवाज गेला. मग चावी बायकोला देऊन ते स्वतः शेजारी बसले.

‘‘हलकं झालं?’’

‘‘झालं.’’

गल्लीच्या टोकाशी ते घसा साफ करून म्हणाले, ‘‘जाता जाता डॉक्टरकडे जाऊ. खांदा दाखवू.’’

तिनं डाव्या हातानं गाडी वळवली. उजवा मांडीवरच होता.

‘‘आता कशाला?’’ ती म्हणाली.