आधी रॅम्प, मग मी

चांदवडच्या ताईंबद्दल बोलणं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की मी चहा सांगायचो, नाहीतर द्राक्षांच्या भावावर घसरायचो. पण परवा इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमचा एक जुना ड्रायव्हर भेटला आणि म्हणाला, "साहेब, ती भांडखोर बाई आठवते का, व्हीलचेअरवाली?" एरवी मी हसलो असतो. ओझरच्या विमानतळावर तुम्हीही त्यांना कधी पाहिलं असेल, आणि मनात हाच शब्द आला असेल. म्हणून आता लिहितो.

आमची कंपनी भाड्यानं गाड्या द्यायची. गाड्यांचं आवार विमानतळापासून थोडं लांब, महामार्गाच्या कडेला होतं. विमानतळावरून गिऱ्हाइकांना तिथं आणायला एक छोटी बस होती. मी आवाराचा मॅनेजर, गर्दीच्या वेळी बसबरोबर विमानतळावरही जायचो. ताई कांद्याच्या बियाण्याचा धंदा करायच्या, त्यासाठी विमानानं एकट्या फिरायच्या, आणि उतरल्या की आमची गाडी घेऊन बागायतदारांकडे जायच्या.

बसचं दार उघडलं की त्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक खटकन लावायच्या, हातांची घडी घालायच्या आणि म्हणायच्या, "आधी रॅम्प, मग मी."

मागे बॅगा घेऊन उभे असलेले लोक चुळबुळायचे. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "अहो मॅडम, आम्हाला उशीर होतोय." ताई म्हणाल्या, "मलाबी होतोय. चला, दोघं मिळून मॅनेजरला शिव्या देऊ." ते गृहस्थ खरंच माझ्याकडे वळले.

रॅम्पची अट काही ताईंनी काढलेली नव्हती. विमानतळाशी झालेल्या करारातच ती होती. बसला रॅम्प हवा, खुर्ची जखडायला जमिनीत पट्टे हवेत, आणि माणसाला खुर्चीसकट आत जाता यायला हवं. आम्ही सातपूरच्या एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी रॅम्प करून घेतला. तपासणी झाली, साहेब लोक खूश होऊन गेले. मग तो रॅम्प बसच्या डिकीत बॅगांची जागा अडवतो म्हणून मी काढायला लावला. आमच्या ऑफिसच्या व्हरांड्याला उंच पायऱ्या होत्या. उन्हात नकोत म्हणून ड्रायव्हर मंडळी आपल्या मोटारसायकली व्हरांड्यात चढवायची. रॅम्प तिथं अगदी मापात बसला.

त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही, कारण माणसं उचलायला आमच्याकडे पोरं होती. मी पंचवटीतला. लहानपणापासून म्हाताऱ्या यात्रेकरूंना उचलून घाटाच्या पायऱ्या उतरवल्या आहेत. त्या तोंडावरून हात फिरवायच्या, आशीर्वाद द्यायच्या. त्यांना "उचलू का?" असं आम्ही कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी नको म्हटलं नाही. उचलणं म्हणजे पुण्य, एवढंच मला ठाऊक होतं.

ताईंना हे मी एकदा कौतुकानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या देवाला आल्या होत्या. मी कामाला आलेय."

"मग भावाला बोलवत जा की घ्यायला," मी म्हणालो.

"भाऊ त्याच्या कामाला हाय, मी माझ्या. तुम्हाला घ्यायला येतो का कोन?"

असं प्रत्येक वेळी चालायचं. मग मी आवारातून रॅम्प मागवायचो, मोटारसायकलवाले कुरकुरायचे, आणि ताई हाताची घडी घालून वाट पाहायच्या.

त्या दिवशी मात्र बस भरलेली होती आणि कंपनीचे वरचे साहेब त्याच विमानानं आले होते. ते पुढच्या सीटवर बसून घड्याळाकडे पाहत होते. ताईंनी ब्रेक लावले.

मी वाकून म्हणालो, "ताई, आजच्या दिवस. आपलीच पोरं आहेत."

"नको," त्या म्हणाल्या. "उचलायचं नाय. माझे हातच माझे पाय हायेत, मॅनेजर. ते तुमच्या पोरांच्या भरवशावर नाय ठेवायची मी."

मी पोरांना डोळ्यांनी खूण केली. त्यांनी दोन्ही बाजूंनी खुर्ची उचलली. ताई पुन्हा म्हणाल्या, "नको, खाली ठेवा." एक चाक दाराच्या कडेला अडकलं, खुर्ची कलली आणि ताई फुटपाथवर हातावर पडल्या. मनगट गेलं.

दवाखान्यात न्यायला गाडी आवारातून घ्यायची होती. पोरांनी त्यांना बसमध्ये बसवून आणलं. ऑफिससमोर बस थांबली. व्हरांड्याला लावलेला रॅम्प, त्यावर टायरांचा वाळलेला चिखल. दुखरा हात मांडीवर धरून ताई खिडकीतून पाहत राहिल्या.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "हितं हाय व्हय. गाड्यांना बरं कोनी उचलत नाय."

प्लास्टर निघेपर्यंत त्यांना खुर्ची स्वतः हलवता आली नाही. दुसऱ्या कुणीतरी ढकलायचं, हे त्यांना पडण्याहून जास्त लागलं असणार. त्यात मी वर कळवलं की बाईंनी नीट धरलं नव्हतं. कंपनीनं लगेच नियम काढला, व्हीलचेअरच्या गिऱ्हाइकानं सोबत माणूस आणलाच पाहिजे. म्हणजे एकटीनं फिरणं बंद, आणि ताईंचा धंदा तर एकटीच्या फिरण्यावर उभा होता.

त्या गप्प बसणाऱ्या नव्हत्याच. त्यांनी सरकारदरबारी तक्रार केली. सुनावणीला प्लास्टर घालून आल्या, भाऊ खुर्ची ढकलत होता. खोलीचं दार अरुंद होतं. त्यांनी बाहेरच ब्रेक लावले आणि म्हणाल्या, "साहेबांना बाहेर यायला सांगा." सुनावणी घेणारे साहेब आले. सुनावणी व्हरांड्यात झाली.

मला विचारलं, "या नको म्हणाल्या होत्या का?"

मी म्हणालो, "विमानाचा आवाज फार होता. मला काही ऐकू आलं नाही."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या ओळखीत त्या गप्प राहिल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं.

निकाल लागला. सोबत माणूस आणायचा नियम रद्द झाला. बसला कायमचा रॅम्प जोडायचा हुकूम निघाला. पडणं हा मात्र गैरसमजातून घडलेला प्रकार, असं ठरलं. त्यानंतर लोक म्हणू लागले, बाईंनी उगाच राईचा पर्वत केला. मीही ते म्हणू दिलं. तर आता ऐका. गैरसमज कसलाच नव्हता. त्या भांडखोर नव्हत्या. जे लेखी ठरलं होतं तेच त्या मागत होत्या, आणि ते मी मोटारसायकलींना दिलं होतं.

नव्या रॅम्पवर त्या पहिल्यांदा आल्या त्या दिवशी मी मुद्दाम विमानतळावर गेलो. काय बोलायचं ते घरून ठरवून निघालो होतो. मनगट थोडं वाकडंच जुळलं होतं. रॅम्पच्या मध्यावर खुर्ची अडली. माझे हात सवयीनं पुढे गेले.

"विचारा की," ताई मान न वळवता म्हणाल्या.

"ढकलू का, ताई?"

"नको."

दात आवळून त्यांनी चाकं फिरवली आणि आत गेल्या. मग वळून म्हणाल्या, "बघा, लय सोपं हाय, मॅनेजर." दार लागलं. ठरवलेलं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. पुढच्या खेपेला बोलू म्हटलं, मग त्याच्या पुढच्या. तशातच मी निवृत्त झालो.

ताई गेल्याचं कळलं तेव्हा मी चांदवडला गेलो. दारात शववाहिनी उभी होती. घराला पायरी नव्हतीच, फरशीचा उतार होता. खांदा द्यायला माणसं पुढे सरकली तसा भाऊ म्हणाला, "उचलायचं नाय. तिनं सांगून ठेवलंय. स्ट्रेचरला चाकं हायेत, चाकांवरनंच न्या."

कुणीतरी मला पुढे केलं. "काका, हात लावा."

मी हात पुढे केला आणि तिथंच थांबलो. विचारायची सवय आता लागली होती, पण उत्तर द्यायला ताई नव्हत्या. हात मागे घेतला. चाकं उतारावरून खाली गेली आणि शववाहिनीच्या रॅम्पवरून वर चढली.

इतकी वर्षं बरोबर बाळगलेलं वाक्य तसं छोटंच होतं. ताई, त्या दिवशी तुम्ही नको म्हणालात. दोनदा म्हणालात. मला ऐकू आलं होतं.