धारवाल्याचं तोंड

अरुंद गल्लीत सायकल शिरत नसे. म्हणून धारवाला आपली धार लावायच्या चाकाची सायकल नाक्यावर उभी करी, घरोघर सुऱ्या गोळा करी आणि मुठीत धरून परत येई. तीस वर्षांचा शिरस्ता. ठिणग्या बघायला एखादं पोर मागे लागायचंच. त्या दिवशी चार वर्षांची मुलगी लागली. मुठीत पाच सुऱ्या, मागे परकी पोर. वरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "पोरगी पळवतोय!"

पहिली थप्पड बसली तेव्हा त्याने सुऱ्या खाली टाकल्या, झटापटीत कुणाला लागू नयेत म्हणून. तिथेच चुकलं. रिकाम्या हाताच्या माणसाला मारायला कुणालाही जोर चढतो. विटेने उजवा अंगठा ठेचला, दोन दात पडले, डावा कान फाटून लोंबला. मुलीची आई ऊर फुटेस्तोवर धावत आली, "अहो, धार लावणारा आहे तो! सोडा!" तोवर मारणाऱ्यांचे हात दुखायला लागले होते.

खिडकीतून कुणीतरी मोबाईलवर टिपलेलं सगळं संध्याकाळी टीव्हीवर आलं. 'पोरं चोरणारा रंगेहाथ.' पाच सुऱ्या, मुलगी, रक्ताने माखलेलं त्याचं तोंड, सगळं लख्ख. मारणाऱ्यांची तोंडं मात्र पुसट केलेली.

"बघा, त्यांची कशी लाज राखलीय," बायको म्हणाली. "तुमचीच तेवढी उघड्यावर टाकली."

पोलिसांनी त्याला धरून नेलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी निर्दोष म्हणून सोडलं. ते कुणी दाखवलं नाही. चित्र फिरत राहिलं. अकराव्या दिवशी, चार वस्त्या पलीकडे, चेहरा ओळखून एका वेल्डरने त्याला लोखंडी नळीने बडवलं. दोन बरगड्या मोडल्या.

बायकोने त्याला वकीलबाईंकडे नेलं, हाताला धरून, शाळेत न्यावं तसं.

"रस्ता सगळ्यांचा, तिथे कॅमेरा चालवायला बंदी नाही," बाई म्हणाल्या. "पण कुणाला न विचारता, शहानिशा न करता, चोर म्हणून घरोघर दाखवायचं, हे चालत नाही. बदनामीचा दावा लावू."

नोटीस गेल्यावर वाहिनीच्या संपादकाने बोलावलं. चहा मागवला. दात नसल्याने धारवाल्याच्या ओठांतून तो हनुवटीवर ओघळला.

"ते चित्र काढून टाकतो. माफीही दाखवतो," संपादक म्हणाला. "पण लोकांना कळायला तुमचं तोंड लागेल. इथे सही करा, संमतीची."

"करा की," बायको घाईने म्हणाली. "नाहीतर कळणार कसं जगाला?"

धारवाला कागदाकडे बघत राहिला. ठेचलेल्या अंगठ्याची नखाची जागा काळी पडली होती.

"तेव्हा विचारलं नाहीत," तो म्हणाला. "आता विचारताय, तर नाही म्हणतो. माफी दाखवा. तोंड नाही."

"अहो, मग लोक परत मारतील!"

"मी सांगेन त्यांना. दारोदार जातोच की मी."

"जीव नकोसा झालाय का तुमचा?" बायको भर ऑफिसात ओरडली. "वाचलेल्या बरगड्या जड झाल्यात?"

बरगड्या जुळल्या तशी त्याने सायकल काढली. बायको मागे मागे, पदर खोचून, शिव्या देत. तो थेट वेल्डरच्या वस्तीत गेला. दुकानासमोर सायकल लावली. वेल्डर बाहेर आला तो नळी घेऊनच.

"परत आलास?"

"हो. आधी ऐका, मग मारा. मी पोरं चोरत नाही. मी सुऱ्यांना धार लावतो. टीव्हीवाल्यांनी खोटं दाखवलं, तुम्ही खऱ्यासारखं मारलंत."

चार माणसं जमली, मग दहा. कुणी हसलं, कुणी खिशातून मोबाईल काढला. बायको मध्ये यायला गेली, त्याने डाव्या हाताने तिला मागे सारलं.

नळी वर होती. ती खाली आली नाही. धारवाला पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं.