बिल्ल्याखालचा खण

विघ्नहर्त्या श्रीगणेशास आणि करवीरनिवासिनी अंबाबाईस वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त घरचेच आहे. आमच्या धाकट्या नातवाला विमानातून हवाई छत्रीने उडी घेण्याचा छंद लागला आहे. परवा त्याच्या आईने त्याची उडीची पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यावर त्याच्या नावाचा कापडी बिल्ला शिवण्यासाठी सुईत दोरा ओवला. मी "थांब, सूनबाई!" असे इतक्या मोठ्याने म्हणालो की तिच्या हातून सुई गळून पडली. त्या ओरडण्याचे कारण मी तिला सांगितले. तेच आता वाचकांस सांगतो.

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते.

सन एकोणीसशे ऐंशीच्या आसपासचा काळ. मी कोल्हापुरात एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. शहराबाहेरच्या विमानतळाच्या माळावर एका हौशी मंडळाने हवाई छत्रीच्या उड्यांचे प्रात्यक्षिक ठरवले होते. बंदोबस्ताच्या बैठकीसाठी मंडळाचे प्रशिक्षक ठाण्यात आले. ते सैन्यातून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ होते. मंडळाच्या गोल बिल्ल्यांचे काम घेतलेले शिंपी चाचाही तेव्हा तिथेच होते, कारण आमच्या ठाण्याचे गणवेश तेच शिवीत. प्रशिक्षकांनी माझ्यासमोर त्यांना बजावले, "छत्री बाहेर काढून रिकामी पिशवी देतो. पिशवीच्या तोंडावर दोन पदर असतात; बिल्ला फक्त वरच्या पदराला शिवायचा. टाका खालच्या पदरात गेला, तर दोन्ही पदर एकमेकांना बांधले जातील आणि छत्री बाहेर येणार नाही. इस्त्री लावू नका, नायलॉन वितळते. आणि एकदा छत्री भरली की त्या पिशवीला सुई दाखवायचीदेखील नाही."

चाचा हसून म्हणाले, "सायेब, पोलिसांच्या पाटलुनी शिवतो मी. त्यापेक्षा जोखमीचं काय असतंय?"

सगळे हसलो. काम मात्र त्यांनी सांगितल्याबरहुकूम केले. छत्र्या भरल्या गेल्या आणि पिशव्या आदल्या संध्याकाळी जवळच्या शाळेच्या एका वर्गात कुलपात ठेवल्या.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी माळावर माणसे मावत नव्हती. गुऱ्हाळांचा हंगाम असल्यामुळे सगळ्या शिवारावर धुराचा पातळ पडदा होता. प्रशिक्षक उडी घेणाऱ्या चार तरुणांबरोबर विमानात बसले आणि विमान वर चढू लागले. जमिनीवरून विमानाशी बोलण्याचे साधन नव्हते. मैदानात पांढऱ्या कापडी पट्ट्यांची एक खूण मांडली होती. ती जोवर आहे तोवर उडी घ्यायची. पट्ट्यांची फुली केली तर कोणी उडी घ्यायची नाही, असा संकेत होता.

तेवढ्यात शाळेचा शिपाई सायकल टाकून धावत माझ्याकडे आला आणि त्याने मूठ उघडली. तळहातावर सुईचे मोडके टोक होते, चांगले जाडजूड.

"सायेब, पिशव्या गेल्यावर वर्ग झाडत हुतो. जिथं पिशव्या हुत्या, तिथंच गावलं."

मी मंडपातून चाचांना बोलावून घेतले. "हे तुमचे?"

त्यांनी ते टोक पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. "न्हाय सायेब. आल्लाशप्पथ न्हाय. हे पोती शिवायचं दाभण हाय. माझं काम मशीनवर झालंय, ते बी दुकानात. त्या वर्गात मी पाऊल टाकलेलं न्हाय."

भरलेल्या पिशवीला दाभण लागले होते. पण चार पिशव्यांपैकी कोणत्या, हे कळण्यास मार्ग नव्हता. मी मंडळाच्या चिटणिसांस फुली करावयास सांगितले. ते पुढारी होते आणि पाहुण्यांच्या स्वागतात गुंतले होते.

"काय सायेब, सुईच्या टोकासाठी कार्यक्रम बंद करू व्हय? सगळा जिल्हा आलाय. वर प्रशिक्षक हाईत की, त्यांनी तपासलं असंलच."

वर विमानाचा आवाज फिरत होता. पोलिसाची पहिली शंका वैराकडे जाते. माझीही तिकडेच गेली. मी शिपायाचा दंड धरला आणि विचारले, "या मुलांचे कोणाशी वाकडे आहे? काल वर्गात कोण शिरले?"

"कुणी न्हाय सायेब."

"नीट आठव. वर माणसे आहेत."

"परकं कुणी न्हाय, सायेब. घरची माणसं तेवढी डबं घिऊन आलती. पोरं मैदानाकडं गेलती, म्हून मी त्यास्नी वर्गात बसीवलं. घरच्यांना न्हाय कसं म्हणायचं?"

घरची माणसे मंडपात पहिल्या रांगेत बसली होती. मी तिकडे वळलो. सेवेत एक सवय मला लागली होती: माणूस बोलण्यापूर्वी त्याचे हात पाहायचे. त्या रांगेतले सगळे आकाशाकडे बोट दाखवीत होते. एक मध्यमवयीन बाई मात्र डोळे मिटून पुटपुटत होती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

"बाई, हात दाखवा."

तिने हात बाहेर काढले. उजव्या अंगठ्याला हळद दाबून चिंधी बांधलेली होती आणि चिंधीवर रक्ताचा एकच बारीक ठिपका होता.

"काय लागले?"

"इळी लागली."

विळी तळहातास किंवा बोटास कापते, अंगठ्याच्या पेरात भोक पाडत नाही. मी मोडके टोक तिच्यापुढे धरले. तिने ते ओळखले, हे मला दिसले. त्याच क्षणी लोकांत एकच गलका झाला. विमानाच्या दारातून एक काळा ठिपका सुटला आणि खाली येऊ लागला.

"माझा भाऊ हाय काय ओ त्यो?" ती किंचाळली. "सायेब, सांगा की! माझा हाय व्हय?"

ठिपका पडतच होता. मी पोलीस सेवेत प्रेते पाहिली होती, पण माणूस जिवंत असताना त्याचे प्रेत होण्याची वाट पाहत उभे राहण्याचा प्रसंग तो एकच. मुखात देवीचे नाव आले, तेही अर्धेच. मग एक पांढरे फूल फुलावे तशी छत्री उघडली आणि माळावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

"त्याचा लंबर दुसरा हाय," शेजारची कोणी म्हणाली.

ती बाई माझ्या पायांशी बसली. तिला बोलते करावे लागले नाही. ती जवळच्याच गडमुडशिंगी गावची. आई लहानपणीच गेल्यामुळे भावाला तिनेच वाढवले होते. तो आभाळातून उडी घेणार हे कळल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. नको म्हटले तर तो हसे. अंगारा दिला तर पुसून टाकी. म्हणून तिने अंबाबाईच्या ओटीतला खण आणला, त्याचा तुकडा कापला, बिल्ल्याची एक कड उसवून तो आत सारला आणि वरून पुन्हा शिवून टाकले.

"पक्का शिवला, सायेब. मेणाच्या दोऱ्यानं. आरपार. वाऱ्यानं सुटाय नगं म्हून."

मी चिटणिसांस विचारण्यासाठी थांबलो नाही. दोन पोलीस शिपायांना घेऊन मैदानात धावलो आणि आम्ही त्या पट्ट्या ओढून फुली केली. पण विमान गुऱ्हाळांच्या धुरापलीकडे होते. फुली वरून दिसेल की नाही, हे कोण सांगणार? विमान वळले आणि पुन्हा मैदानाच्या रेषेत आले. दार उघडे दिसत होते. दारात एक माणूस उभा होता.

तो आवाज डोक्यावरून गेला. ठिपका पडला नाही.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. "पैलवान भ्याला रं!" असे कोणी ओरडले. मला ती हुल्लड आरतीसारखी वाटली.

विमान उतरल्यावर मी प्रशिक्षकांना सगळे सांगितले. ते ऐकून तो तरुण तणतणतच बहिणीकडे आला. "अक्का, काय लावलंयस? समद्यांत लाज काढलीस न्हवं!"

प्रशिक्षकांनी त्याला पिशवी जमिनीवर ठेवावयास सांगितली. "विमानात बसण्यापूर्वी मी पिशवी बंद ठेवणारा खिळा पाहिला होता. तो ठीक होता," ते हळू आवाजात म्हणाले. मेणाचा काळा दोरा बिल्ल्याच्या काळ्या काठात मिसळून गेला होता. "आता छत्री उघडायची मूठ ओढ."

त्याने ओढली. खिळा सुटला. पिशवी मात्र मिटलेलीच राहिली. त्याने पदराला हात घालून हिसका दिला, मग पाय रोवून दोन्ही हातांनी ओढले. पिशवी उघडली नाही. तो हळूच खाली बसला आणि गवत मुठीत धरून राहिला. पोटावर दुसरी छत्री असते, असे मी धीर देण्यासाठी म्हणालो. प्रशिक्षक म्हणाले, "असते. पण घाबरलेला माणूस पहिलीच मूठ ओढत बसतो."

बहीण जवळ येऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवीत राहिली. "तू वाचावास म्हून शिवला रं मी."

"व्हय अक्का," तो एवढेच म्हणाला.

मी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद केली, जबाब घेतले आणि प्रकरण मिटवले. अपकाराचा हेतू नव्हता, तेथे गुन्हा कसला नोंदवावा? प्रशिक्षकांनी स्वतः टाके उसवले, खणाचा तुकडा कपाळास लावला आणि त्या तरुणाच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. "देवी इथे असू दे. पिशवीवर नको," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी नव्याने भरलेल्या छत्रीने त्याने उडी घेतली. बहीण माझ्या शेजारीच उभी होती आणि या खेपेस डोळे उघडे ठेवून पाहत होती.

तो सुखरूप उतरल्यावर मी तिला थट्टेने विचारले, "काय बाई, पुन्हा शिवणार का?"

"शिवीन की!" ती ताठ मानेने म्हणाली. "पण आधी इचारून."

तेव्हापासून पुढच्या सगळ्या सेवेत, कोठे घातपाताची शंका आली की मी याचा वैरी कोण, हे विचारीत असेच. पण त्यासोबत याच्यावर जीव कोणाचा आहे, हेही विचारू लागलो. श्रद्धा मी कधी अपराध मानली नाही. माझी स्वतःची सकाळ आजही देवीच्या स्तोत्राने उजाडते. परंतु ज्याचे रक्षण मागायचे, त्याच्या रक्षणाची रीतही जाणून घ्यावी. देवीला तेवढे कष्ट आपल्याकडून अपेक्षित असावेत, असे मला वाटते.

आमच्या सूनबाईंनी सुई डबीत ठेवली आहे. नातवाने छत्री बाहेर काढून दिल्यावर, मंडळाच्या जाणत्या माणसासमोर, वरच्या पदरापुरता बिल्ला बसेल.

वाचकहो, तुमच्या घरातून बाहेर पडणारी सगळी पावले सुखरूप उंबरठ्यावर परत येवोत, त्यांची वाट पाहणाऱ्या डोळ्यांना भयाची रात्र न दिसो आणि तुमच्या कुलावर आई अंबाबाईचा पदर अखंड राहो.