तिसऱ्यांदा उघडलेला कार्बोरेटर

एकच कार्बोरेटर दहा दिवसांत तीनदा उघडायचा म्हणजे काय चेष्टा आहे? मिस्त्रीचं डोकं तापलं होतं ते काही उगाच नाही. पस्तीस वर्षं हा माणूस जुन्या मोटरसायकली दुरुस्त करत आला. त्याच्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली, असं कुणी म्हणालं असतं तर त्यानं त्याला पाना फेकून मारला असता. आणि आता सकाळी नऊ वाजता बेकरीवाल्याची गाडी तिसऱ्यांदा दारात उभी.

बेकरीवाला बिचारा गरीब स्वभावाचा. "राग मानू नका मिस्त्री," तो म्हणाला, "पण गाडी उभ्या उभ्या ओरडते हो. चौकात थांबलो की लोक वळून बघतात. पेट्रोल तर पाण्यासारखं पिते. जरा रेस कमी करून..."

"काय?"

"रेस! रेस कमी करा!"

"रेस मी लावलीय," मिस्त्री म्हणाला. "कानानं."

झालं, विषय संपला. कार्बोरेटरच्या बाजूला रेसचा एक छोटा स्क्रू असतो. गाडी जागच्या जागी किती जोरात चालावी हे त्याच्यावर ठरतं. मोठ्या वर्कशॉपमध्ये त्यासाठी मीटर लावतात. मिस्त्री मात्र डोळे मिटायचा, स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा आणि इंजिनाचा ठोका जमला की हात उचलायचा. लोक हे बघायला उभे राहायचे. तेव्हा त्याचा हिशेब सरळ होता. स्क्रू चुकणं शक्य नाही. तरी गाडी ओरडतेय, म्हणजे खोट कार्बोरेटरच्या पोटात आहे. कचरा असेल, नाहीतर कुठून तरी हवा घेत असेल.

निघता निघता बेकरीवाला जवळ येऊन म्हणाला, "दुपारपर्यंत द्याच. संध्याकाळचा माल पोचवायचाय. आणि नाहीच जमलं, तर म्हटलं, समोरच्या वर्कशॉपमध्ये एकदा दाखवून बघावी. एकदाच हो."

एकदाच! वर्षभरात चार गिऱ्हाईकं अशीच 'एकदाच' म्हणून रस्ता ओलांडून गेली आणि तिकडचीच झाली. बेकरीवाला सतरा वर्षांचा जुना. तो गेला की उरलेल्यांना कशाला कारण हवंय? आणि मग मिस्त्रीनं काय करायचं? दुसरं काही तो शिकला नव्हता, आणि शिकावं असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

तर बसला पुन्हा पाट घेऊन. पेट्रोलचा कॉक बंद केला, नळी काढली, पट्टी सैल केली. कार्बोरेटर काही निघेना. परवाच तर लावला होता, इतक्यात चिकटून बसायला झालं काय त्याला? ओढून काढला तर बोटाचं सालटं गेलं. खालच्या वाटीचा एक स्क्रू आधीच घासलेला, त्याला पकड मिळेना. "अरे, निघ की मेल्या!" मिस्त्री ओरडला. वाटी उघडली, तरंगता फ्लोट काढला, आणि त्याची ती दाभणाएवढी पिन घरंगळत गेली थेट कपाटाखाली. पोटावर पालथं पडून, हात घालून ती काढली. सोबत दोन वर्षांपूर्वी हरवलेला एक नट निघाला. त्याचा आता काय उपयोग, कपाळ?

मग पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे पितळी जेट काढले. जेटला तार घालायची नाही, भोक मोठं होतं, हा त्याचा नियम. ब्रशचा एक केस घालून त्यानं ते साफ केले, रॉकेलमध्ये बुडवले, पंपानं हवा मारली, उजेडाकडे धरून बघितले. आरपार स्वच्छ. कचरा नाही, काळपट थर नाही, काही म्हणजे काही नाही. परवाही नव्हता. खोट सापडली असती तर निदान तिला चार शिव्या घालता आल्या असत्या! सगळी पॅकिंग नवीन टाकली, जोडाजोड केली आणि बारा वाजता किक मारली.

इंजिन कसंबसं पुटपुटायला लागलं. अगदीच मलूल. आता बंद पडेल की मग, असं. मिस्त्रीनं डोळे मिटले आणि स्क्रू आत घेतला. अजून थोडा. अजून. हां, आता कुठे ठोका ऐकू यायला लागला.

डोळे उघडले तर घराच्या आतल्या दारात बायको. दुकानाच्या मागेच त्यांच्या दोन खोल्या. ती शिंप्याकडच्या शर्टांची काजं करायची. शर्ट मांडीवर टाकून तिनं दोन्ही कानांवर हात दाबले होते.

"तुला काय झालं?"

ती काहीतरी बोलली. ओठ हलले एवढंच.

"तोंडातल्या तोंडात काय बोलतेस? सरळ बोल ना!" तो खेकसला. हल्ली सगळेच असे बोलतात, ही त्याची नेहमीची तक्रार. बेकरीवाला तसाच, ही तशीच. ती उठून आत गेली.

आता मात्र त्यानं हात टेकले. कार्बोरेटर निर्दोष, तर खोट इंजिनातच असणार. मग इंजिन उघडायचं, म्हणजे चार दिवस गेले, म्हणजे बेकरीवाला गेलाच. आत काही वाजतंय का ते तरी बघू म्हणून त्यानं लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. शिकाऊ होता तेव्हा असं करायचा. पुढे कान तयार झाला, मग ही असली काठी लागतेय कुणाला?

इंजिन त्याच्या डोक्यात किंचाळलं.

तो दचकून मागे सरला. स्क्रूड्रायव्हर काढला तर तेच पुटपुटणं. पुन्हा लावला, पुन्हा किंकाळी. काढला, पुटपुट. असं त्यानं किती वेळा केलं कोण जाणे. गाडी खरंच ओरडत होती. दहा दिवस ओरडत होती. कार्बोरेटरला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. मिस्त्री रॉकेलनं ओल्या झालेल्या फरशीवर तसाच बसून राहिला. त्याला रडायला येत होतं आणि रागही येत होता, पण राग काढायचा कुणावर?

शेवटी त्यानं मूठ हाडाला दाबून धरली, दुसऱ्या हातानं स्क्रू मागे घेतला. किंकाळी उतरत गेली, ठोके सुटे झाले आणि एका जागी शांतपणे बसले. मिस्त्रीनं हात उचलला.

दोनला बेकरीवाला आला. गाडी सुरू केली आणि खूश झाला. "काय होतं हो नक्की?"

ओठांकडे बघत मिस्त्री म्हणाला, "कचरा."

तो गेल्यावर मिस्त्री आत आला आणि बायकोच्या समोर उभा राहिला. "तुला माहीत होतं?"

तिनं सुई शर्टात खोचली. मान वर करून, एकेक शब्द सुटा करून ती मोठ्यानं म्हणाली, "हो. माहीत होतं."

"मग सांगायचं नाही?" इतका वेळ कोंडलेलं सगळं तिच्यावरच निघालं. "जगभर माझं हसं झालं! चार माणसं तोडली मी! घरचं माणूस म्हणवतेस आणि एका शब्दानं सांगत नाहीस?"

"सांगितलं होतं. मागच्या उन्हाळ्यात, इथेच. दोन दिवस मन घट्ट करत होते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हळू आवाजात सांगितलं, की तुमचा कान गेलाय, आपण डॉक्टरकडे जाऊ."

"आणि मी काय म्हणालो?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणालात, 'हो ना, यंदा ऊन जरा जास्तच आहे.'"