शंभरातली सात

लुबना मॅडम चिडल्या की आवाज चढवत नाहीत, उलट आणखी हळू बोलतात. त्या दिवशी केंद्रप्रमुखांच्या खोलीत त्या इतक्या हळू बोलत होत्या की सर्जेराव साहेबांना पंखा बंद करावा लागला.

खुलताबादजवळच्या एका वाडीवरच्या शाळेत त्या चौदा वर्षं गणित शिकवतात. टक्क्यांचा दशांश करायचा तर टिंब दोन घरं डावीकडं सरकवा, एवढं सांगून मोकळं होणं त्यांना जमत नाही. त्या आधी शंभर दाखवतात. सातवीतल्या रत्नमालेला त्यांनी तिच्याच बापाचा कळप दाखवला. अजिनाथची मेंढरं बरोब्बर शंभर, त्यात काळी सात. म्हणजे सात टक्के, शंभरातली सात, ०.०७. पोरगी पुन्हा कधी चुकली नाही.

ही रत्नमाला शहरातल्या एका निवासी शाळेच्या चाळणी परीक्षेला बसली. साठ गुण हवे होते, मिळाले एकोणसाठ. तिथं जागा मिळाली नाही तर दिवाळीनंतर कळपामागं जायचं आणि शाळा सोडायची, हे घरात ठरलेलंच होतं.

आता लाज सोडून सांगतो. तो पेपर मी तपासला होता. छापील उत्तरसूचीत सात टक्क्यांपुढं ०.७ होतं, तिनं ०.०७ लिहिलं होतं. आणि मी, शेजारच्या गावचा गणिताचा मास्तर, सूची बघून फुली मारून मोकळा झालो.

"साहेब, तुमच्या सूचीप्रमाणं अजिनाथच्या कळपात सत्तर मेंढरं काळी निघतील," मॅडम म्हणाल्या. "चला, मोजून येऊ."

"सूची वरून आलीय मॅडम. माझ्या हातात काय आहे?"

"पेन आहे."

साहेबांनी पेन खिशाला लावलं आणि अर्ज करा म्हणाले. अर्ज केला, खाली मीही सही केली. सात आठवड्यांनी उत्तर आलं: ०.०७ बरोबर आहे, सूचीत मुद्रणदोष होता, तथापि प्रवेश पूर्ण झाल्याने विनंती मान्य करता येत नाही. तथापि म्हणे! चूक यांची आणि वर्ष पोरीचं गेलं. त्या कागदाची आठवण झाली तरी माझं डोकं फिरतं.

मॅडमनी अजिनाथच्या पालावर तीन दिवस हेलपाटे घातले, तेव्हा कुठं त्यानं पोरीला यंदापुरतं वाडीवर, बानाबाई आत्याकडं ठेवलं.

डिसेंबरच्या चाचणीत मॅडमनी मुद्दाम तेच गणित घातलं. मी त्या दिवशी तिथंच होतो. रत्नमालेनं लिहिलं होतं ०.७.

"हे काय गं?"

"खरं उत्तर मला ठावं हाय, मॅडम," ती खाली बघत म्हणाली. "पण मार्क याला भेटतो."

मला तिच्याकडं बघवेना. मॅडमनी लाल पेन माझ्यापुढं धरलं.

"सर, फुली तुम्ही मारा," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तिच्यादेखत."