शहाऐंशीची शपथ

कोलंबियातल्या पेरेइरात लोक वर्षं मोजतात ती फुटबॉलच्या विश्वचषकांवर. कॅलेंडर घरोघर असतं, पण ते भिंतीवरचा ओलीचा डाग झाकायला. एदिल्माला वय विचारलं तर ती म्हणायची, "चिलीच्या वर्ल्ड कपला मी सोळाची होते." बास, समोरच्याला कळायचं. चिलीच्या वर्षी तिचं रुबिएलशी जमलं, इंग्लंडच्या वर्षी लग्न झालं, सत्तर साली तिचा गर्भ पडला आणि डॉक्टरांनी यापुढे आशा धरू नका म्हणून सांगितलं. मधल्या काळात सरकारं बदलली, भाव चढले, पाद्रीबाबा देवाघरी गेले. चार वर्षांचा तो फेरा मात्र कधी हुकला नाही, म्हणून तिचा त्याच्यावर देवापेक्षा जास्त विश्वास होता.

रुबिएल गवंडी. हाताला गुण होता, जिभेला हाड नव्हतं. व्हेनेझुएलात तेव्हा तेलाचा पैसा वाहत होता आणि आमची अर्धी गल्ली तिकडे विटा रचायला गेली होती. तोही त्र्याहत्तरला माराकाइबोला गेला आणि पुढच्या मे महिन्यात विश्वचषक बघायला घरी परतला. त्याच जूनमध्ये बातमी आली की शहाऐंशीचा विश्वचषक कोलंबियात होणार. बारा वर्षं पुढची गोष्ट, पण पाहुणे उद्याच येताहेत अशा थाटात लोकांनी दारं रंगवली.

जुलैत रुबिएलने पुन्हा बॅग भरली. स्वयंपाकघरात एदिल्मा मक्याच्या जाड भाकऱ्या, अरेपा, भाजत होती, आणि तिच्याबरोबर शर्टांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी शेजारीण ओतिलिया गुळाचं गरम पाणी पीत बसली होती.

"कायमचा कधी येणार ते सांग आणि शपथ घे," एदिल्मा म्हणाली.

"मेरी मातेची शपथ..."

"तिला नको मध्ये घालूस! तिच्या शपथा तू शनिवारी घेतोस नि रविवारी मोडतोस. वर्ल्ड कपची घे."

ओतिलिया खो-खो हसली. "आता अडकलास रे गवंड्या!"

"घेतो की," रुबिएल म्हणाला.

"मग अर्जेंटिनाच्या वर्ल्ड कपला ये. अठ्ठ्याहत्तरला."

"अगं, चार वर्षांत घरावर पत्रे तरी पडतील का?"

"बरं, स्पेनच्या. ब्याऐंशीला."

"परक्यांच्या वर्ल्ड कपला काय यायचं? आपल्या घरचा आहे ना, त्याला येतो. शहाऐंशी! आपल्या स्टेडियमवर पहिल्या रांगेत तू नि मी." असं म्हणून त्याने छातीवर हात ठेवला.

"बारा वर्षं!" ओतिलिया म्हणाली. "बाई गं, तेवढ्यात पोपसुद्धा बदलतो."

पण एदिल्माचे डोळे भरून आले होते. पहिली रांग तिच्या मनात बसली ती बसलीच. तो दर दुसऱ्या नाताळाला दहा दिवस यायचा, सगळ्यांना हसवायचा आणि जायचा. बाकीचे दिवस ती कॉलर शिवायची आणि शहाऐंशीकडे डोळे लावून बसायची. कुणी नवऱ्यावरून टोमणा मारला तर म्हणायची, "माझ्या नवऱ्याची तारीख ठरलेली आहे. तुमच्या नवऱ्यांची आहे का?"

ब्याऐंशीच्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर येऊन सांगितलं की आपल्याला दुसरी कामं आहेत, विश्वचषक आपण भरवणार नाही. गल्लीत बाप्ये रडले. एदिल्मा रडली नाही, ती घाबरली. ज्याच्यावर शपथ होती तेच सरकारने काढून घेतलं होतं. आता रुबिएलला बांधणार कोण?

त्याने एक फोन नंबर देऊन ठेवला होता, पण कुणी मेलं तरच करायचा अशी ताकीद होती. आठ वर्षांत तिने तो एकदाही लावला नव्हता.

"मेलाय की," ओतिलिया म्हणाली. "वर्ल्ड कप मेलाय. लाव फोन."

टेलिफोन कचेरीतल्या खोक्यात उभं राहून तिने फोन कानाला लावला. पलीकडे एक मुलगी बोलली.

"पप्पा कामावर गेलेत. भिंत बांधायचीय का तुम्हाला?"

"तुझ्या पप्पांचं नाव काय गं?"

"रुबिएल. प्लास्टरसुद्धा करतात."

"तू केवढी आहेस, बाळ?"

"येत्या मंगळवारी आठ पूर्ण!"

एदिल्माने फोन ठेवला. हिशेब सोपा होता. रुबिएलने शपथ घेतली त्या जुलैत ही पोर माराकाइबोत आईच्या पोटात होती, आणि ते त्याला ठाऊक होतं. तिने अठ्ठ्याहत्तर म्हटलं, तो नाही म्हणाला. ब्याऐंशी म्हटलं, तरी नाही. घरच्या विश्वचषकाचं प्रेम वगैरे काही नव्हतं. त्याने यादीतली सगळ्यात लांबची तारीख उचलली होती. आणि ती यादी त्याच्या हातात ठेवली कुणी? तिनेच. या फसवणुकीपेक्षा तिला आपल्या त्या भरून आलेल्या डोळ्यांचा राग आला.

तिने कुणाला काही सांगितलं नाही, ओतिलियालाही नाही. त्याची पत्रं न फोडता चुलीत गेली. नाताळाला तो आला तेव्हा दाराला कुलूप होतं आणि ती बहिणीकडे होती.

शहाऐंशीचा विश्वचषक ठरल्या साली झालाच, फक्त मेक्सिकोत. जूनमधल्या एका दुपारी सगळी गल्ली टीव्हीपुढे असताना एदिल्माचं दार वाजलं. बाहेर रुबिएल उभा होता, केस पिकलेले, हातात मोठी बॅग.

"बघ, शब्द पाळला मी," तो म्हणाला. त्याला खरोखरच अभिमान वाटत होता. "राष्ट्राध्यक्षांनी मोडला, मी नाही. तुझा फोन उचलणारी पोरगी मोठी झाली आता. तिच्या आईला सांगून आलोय, कायमचा."

एदिल्माने त्याच्याकडे नीट पाहिलं. "वर्ल्ड कप मेक्सिकोत आहे," ती म्हणाली. "तिकडे जा."

तिने कडी घातली. तो बराच वेळ दार ठोठावत राहिला, मग शिव्या देऊ लागला, मग बॅग उचलून निघाला. एदिल्मा दाराला पाठ लावून फरशीवर बसली होती. पावलांचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर तिला हुंदका फुटला, आणि शेजारी गोल झाल्याच्या आरोळीत तो कुणालाच ऐकू गेला नाही.