कोरं परतायचं नाही

जानेवारीतल्या त्या रविवारी इंग्लंडमधल्या रीडिंग गावाबाहेरचं आमच्या मासेमारी क्लबचं तळं या काठापासून त्या काठापर्यंत गोठलं होतं. मॅच रद्द होईल अशी मला खात्री होती. खरं तर आशाच होती. पण गाडीतून उतरले तर आमची टीम कॅप्टन दोरीला बांधलेलं लोखंडी वजन बर्फावर फेकत होती. सत्तरीतली निवृत्त नर्स. धाडकन आवाज व्हायचा, ती दोरी ओढून घ्यायची आणि पुन्हा फेकायची.

मला बघून म्हणाली, "उभी काय राहिलीस? तुझ्या पेगसमोरचा बर्फ तुलाच फोडायचाय."

इथे पेग म्हणजे काठावरची आपल्या वाट्याची जागा. सकाळी चिठ्ठ्या काढून ती ठरते आणि मॅचभर ती बदलता येत नाही.

मी टीममध्ये नव्हतेच मुळी. उन्हाळ्यात लंचच्या वेळी ऑफिसमागच्या तळ्यावर गळ टाकून बसलेली माणसं बघता बघता या नादाला लागले होते. फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी गळाला लावायच्या अळ्यांचा डबा दिसला तेव्हा नवरा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नव्हता. आई नागपूरहून व्हिडिओवर विचारायची, "अगं, मासे खायचे नाहीत, विकायचे नाहीत, परत पाण्यात सोडायचे. मग धरतेस तरी कशाला?"

थंडीतल्या लीगमध्ये प्रत्येक टीमचे चौघं खेळतात. आमच्यातल्या एकाला फ्लू झाला आणि आदल्या संध्याकाळी कॅप्टनचा मला फोन आला. एकही मासा न मिळालेला माणूस सगळ्या टीमला खाली ओढतो, हे मला माहीत होतं. तिने एवढंच सांगितलं, "मोठा मासा नको मला. फक्त कोरी परतू नकोस."

वजन फेकून फेकून माझे खांदे भरून आले. जेवणाच्या टेबलाएवढं पाणी मोकळं झालं. बर्फाचे तुकडे बाहेर ओढताना हातमोजे भिजले, ते काढून ठेवले तर लाकडासारखे कडक झाले. मॅच सुरू करायचा हॉर्न वाजला. माशांना बोलवायला मी चार अळ्या पाण्यात टाकल्या, एक गळाला लावली, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या लाल फ्लोटच्या टोकावर डोळे लावून बसले.

काहीच झालं नाही. फोडाफोडीच्या आवाजाने मासे पांगतात, मग हळूहळू परत येतात, असं कॅप्टन म्हणाली होती. अळ्या थंडीने निपचित पडू नयेत म्हणून त्यांची डबी मी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली. शेजारच्या पेगवर दुसऱ्या टीमचा एक जण होता, क्लबमध्ये कायम जिंकणारा. त्याचाही फ्लोट ढिम्म होता.

"घरी बसून चहा प्यायचा दिवस आहे हा," तो म्हणाला.

"चहा आणलाय मी," मी फ्लास्क दाखवला.

त्यानंतर बऱ्याच वेळाने माझा फ्लोट हलला. तो बुडाला नाही, नुसता कलला. मी रॉड उचलला आणि तो वाकला. खाली काहीतरी जड होतं, दमादमाने ओढत होतं. हलक्या हाताने मी त्याला वर आणलं. ब्रीम! काशाच्या ताटलीएवढा, पिवळसर मासा. मासा उचलायचं जाळं घ्यायला हात मागे नेला, तर ते जमिनीला चिकटलेलं. गोठून पापडासारखं ताठ झालेलं. मी त्याला लाथ मारली, पुन्हा मारली. ते सुटलं तोवर ब्रीम वळून बर्फाखाली शिरला. लाईन बर्फाच्या धारेवर घासली आणि तुटली.

मी मराठीत एक शिवी घातली. शेजारच्याने मान वळवली.

"सुटला?"

"सुटला."

"वाईट झालं," तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं. थोड्या वेळाने त्याने सामान आवरलं. "आता काही लागत नाही. तूही निघ, आजारी पडशील."

तो गेला. त्याची गाडी पार्किंगमधून बाहेर पडताना ऐकली तेव्हा मलाही उठावंसं वाटलं. पण ब्रीम होता, म्हणजे खाली मासे होते. मी जाळं पाण्यात बुडवून मऊ केलं आणि तसंच पाण्यात राहू दिलं. आता नवा गळ बांधायचा होता. बोटांना दोरा कळतच नव्हता. हात काखेत दाबून धरले, थोडी ऊब आली की एक वेढा घातला, पुन्हा हात काखेत. शेवटची गाठ दातांनी ओढली. सर्वात बारीक गळ, त्याला एकच अळी.

पाण्यावर पुन्हा साय धरायला लागली होती. रॉडच्या टोकाने ती मोडत राहिले. कंबर आखडली, पाय जाणवेनासे झाले. ऊन उतरायला लागल्यावर फ्लोट पुन्हा कलला. या वेळी मी श्वास धरून थांबले. टोक पाण्याखाली गेलं, तेव्हाच उचललं.

रोच. चंदेरी, लाल परांचा मासा, माझ्या तळहाताएवढा. जाळ्याची गरजच नव्हती, तरी मी जाळ्यातच घेतला आणि तसाच पाण्यात ठेवला.

शेवटचा हॉर्न वाजला. क्लबची माणसं वजन करायला आली तेव्हा काटा जेमतेम हलला, पण हलला. आमच्या बाजूच्या काठावर निम्मे जण कोरे होते, शेजारचाही. मी रोचला ओंजळीत घेऊन मोकळ्या पाण्यात सोडलं. तो क्षणभर तिथेच थांबला आणि गेला. टीम तिसरी आली. मी कोरी राहिले असते तर पाचवी आली असती.

गाडीच्या हीटरसमोर हात धरले तर बोटांत रक्त परतताना अशी कळ आली की डोळ्यांतून पाणी आलं. कॅप्टन खिडकीशी आली. माझी बोटं तिने एकेक दाबून, नखांचा रंग नीट बघून तपासली.

"टिकतील," ती म्हणाली. "लगेच गरम पाण्यात घालू नकोस. आणि तो फ्लूवाला बरा झाला तरी त्याला आता राखीव खेळाडूंत बसावं लागेल."

"त्याला राग येईल."

"येऊ दे की," ती म्हणाली आणि आपलं लोखंडी वजन उचलून गाडीकडे गेली.